पिंजारी आला की

पिंजारी गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आधी त्याच्या तातेचा आवाज पोचायचा. ट्यँव, ट्यँव. खांद्यावर ते भलं लांब पिंजण, आणि चालता चालता तातेवर एक टिचकी. हाक मारायची त्याला गरजच नसे. लालबागच्या आमच्या चाळीत दिवाळीच्या आधी आणि मग मे महिन्यात तो यायचा. तो आला की बायका गाद्या-उशा खाली आणायच्या, पटांगणात पांढरा धुरळा उडायचा आणि आम्ही पोरं हवेतले पुंजके झेलायला धावायचो. माझे आजोबा मात्र पहिल्या टिचकीला उठायचे, खुंटीवरची टोपी डोक्यावर ठेवायचे आणि जिना उतरून चालू लागायचे. कुठे जातात ते सांगायचे नाहीत, कुणी विचारायचंही नाही. पिंजारी गेला, पटांगण झाडून झालं, की तिन्हीसांजेला परत. आजी तोवर आमच्या दारासमोरची गॅलरी तीनतीनदा झाडून काढायची.

आमच्या घरात गादी नव्हती. सगळे गोधडीवर झोपायचे, आजोबा घोंगडीवर. देवासमोरच्या वातीदेखील आजी कापसाच्या वळत नसे. जुन्या धोतराचं सूत उसवून, मांडीवर पीळ देऊन ती वाती करायची आणि पत्र्याच्या एका डबीत भरून ठेवायची. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, "अहो आजी, फुलवातींचं पुडकं देऊ का?" आजी म्हणाली, "नको गो. ह्यांका बाधता." काकूंनी त्याचा काय अर्थ घेतला कुणास ठाऊक. आम्ही मुलांनी घेतला तो असा, की जसा कुणाला बांगडा चालत नाही, कुणाला शेंगदाणा, तसा आजोबांना कापूस चालत नाही.

आजोबा मुंबईच्या अग्निशमन दलात होते. 1938 साली भरती झाले, 1973 साली निवृत्त झाले. माझा जन्म स्टेशनामागच्या क्वार्टर्समधला, आणि वयाची पहिली अकरा वर्षं तिथलीच; लालबागची चाळ त्यानंतरची. बाहेरची माणसं म्हणतात 'आग लागल्याचा फोन आला'. आमच्याकडे म्हणत, 'वर्दी आली'. वर्दी म्हणजे कपडे नव्हेत, वर्दी म्हणजे बोलावणं. घंटा झाली की बापे जिन्यावरून धडधडत खाली, बंब बाहेर, आणि मागे क्वार्टर्समध्ये एक विचित्र शांतता. बायका आपापल्या दारात येऊन उभ्या राहायच्या. कोण कुणाच्या गाडीवर गेलं ते एकमेकींना विचारून घ्यायच्या आणि परत चुलीशी जायच्या. बंब परत यायचा आवाज त्यांना झोपेतही कळायचा. मग ओला होज मनोऱ्याला टांगणं, पितळी नोझल पुसणं, आणि शेवटी चहा. त्या क्वार्टर्सचा एक अलिखित कायदा होता: वर्दीवरून आलेल्या माणसाला चहा पोटात जाईपर्यंत काही विचारायचं नाही. कायदा चांगला होता. फक्त झालं असं, की चहा झाल्यावरही कुणी विचारायचं नाही, असं त्याचं आपोआप होऊन गेलं.

गोदीचा स्फोट आमच्या घरात तारखेसारखा वापरला जायचा. मोठी आत्या 'स्फोटाच्या आदल्या वर्षीची', थोरले काका 'स्फोटानंतरच्या पावसातले'. पण स्फोटाची गोष्ट आजोबांनी कधी सांगितली नाही. ती मला तीन तोंडांतून मिळाली आणि तिन्ही तोंडांचा मेळ आजही बसत नाही.

तारखा, आकडे पुस्तकात आहेत, ते आधी सांगते. एस. एस. फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज 24 फेब्रुवारी 1944 रोजी इंग्लंडातल्या बर्कनहेडहून निघालं आणि कराचीमार्गे 12 एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकला लागलं. पोटात जवळजवळ 1,400 टन दारूगोळा, सोन्याच्या विटा, लाकूड, भंगार, तेलाची पिंपं आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या गासड्या. दारूगोळा आणि कापूस शेजारी शेजारी ठेवू नये हे कळायला आगवाला असावं लागत नाही. पण युद्धाचे दिवस, जागा मिळेल तिथे माल. 14 एप्रिल, शुक्रवार. दुपारी दोन नंबरच्या फाळक्यातून धूर निघताना दिसला. बंब आले, आणखी बंब आले. जहाज बुडवावं की गोदीबाहेर काढावं, यावर साहेब लोकांची चर्चा चालू राहिली आणि फायरमन पाणी मारत राहिले. शेकडो टन पाणी आत गेलं. चार वाजून सहा मिनिटांनी जहाज फुटलं. अर्ध्या तासाच्या आत पुन्हा एकदा फुटलं. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. जळत्या कापसाच्या गासड्या आकाशात उडून मांडवी, मशीद बंदरच्या छपरांवर पडल्या आणि जिथे पडल्या तिथे नवी आग लागली. सोन्याची एक वीट मैलभर लांब एका पारशी गृहस्थाच्या घराच्या छपरातून आत आली, आणि त्यांनी ती सरकारला परत केली, ही गोष्ट मुंबईत अजून सांगतात. मेलेले किती, याचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत दिले जातात. ऐंशी हजारांच्या आसपास माणसं बेघर झाली. अग्निशमन दलाचे 66 जण गेले.

त्या 66 जणांच्या आठवणीत 14 एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात आणि तिथून आठवडाभर सप्ताह चालतो. भायखळ्याच्या मुख्यालयात स्मारक आहे, तिथे मानवंदना होते. मुंबईत त्याच दिवशी बाबासाहेबांची जयंती. मला लहानपणी वाटायचं की रस्त्यावरचे निळे झेंडे आणि स्टेशनातली परेड हा एकच मोठा सण आहे. त्या सणाला आमच्या घरातला खरा मानकरी कधीच हजर नसायचा. दर वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आजोबा रजा टाकून गावी जायचे. निवृत्तीनंतर तर पाडवा झाला की निघायचेच. मालवणच्या आतल्या अंगाला आमचं गाव. लोक म्हणत, आजोबांना आंब्यांची काय ती ओढ!

पहिलं तोंड आजीचं. तिच्या म्हणण्याप्रमाणे आजोबा तिसऱ्या दिवशी घरी आले. "अंगावर कपडो कोणाचो होतो ता म्हायत नाय. ह्यांचो नाय." भुवया जळलेल्या, कानांतून रक्त सुकलेलं. तिनं पाणी तापवलं, अंघोळ घातली. केसांतून काळे झालेले कापसाचे पुंजके निघाले ते तिनं चुलीत टाकले, आणि त्याचा वास घरभर झाला तेव्हा आजोबा उठून बाहेर जाऊन ओकले. "माझाच चुकला," असं ती पंचेचाळीस वर्षांनीदेखील म्हणायची. त्या दिवसापासून घरात कापूस नाही. गोदीत ते कसे वाचले, तर पाणी प्यायला गेले होते म्हणून. हे तिचं म्हणणं.

दुसरं तोंड पंपवाल्या आजोबांचं. हे साताऱ्याकडचे, आजोबांचे जोडीदार, बंबाच्या पंपावर असायचे म्हणून आम्ही त्यांना पंपवाले आजोबा म्हणायचो. निवृत्त होऊन गावी गेले, पण मुलाकडे मुंबईला आले की आमच्याकडे पत्ते खेळायला यायचे. 1978 च्या सुमारास, मी कॉलेजात जायला लागले होते तेव्हा, एकदा आजोबा असेच पिंजाऱ्यामुळे घराबाहेर गेलेले असताना ते आले. मी विचारलं, कापसाचं काय आहे? ते जरा वेळ पत्ते पिसत राहिले.

"पोरी, कापसाची आग लई वंगाळ. लाकूड पेटलं तर दिसतं, तेल पेटलं तर दिसतं. गासडी दाबून बांधल्याली आसती. वरनं पाणी मारलं की वरनं भिजती, आन् आत जळतच ऱ्हाती. तुला वाटतं इझली. चार दिसांनी पुन्हा धूर."

मग त्यांनी हातानं दाखवलं, ब्रँच कशी धरतात: एक जण पुढे, नोझल काखेत, दुसरा मागून होज पेलतो, कारण पाण्याच्या दाबानं एकट्याच्या हातात ती राहत नाही, सापासारखी उसळते. आजोबा पुढे होते, मागे रत्नागिरीकडचा एक पोरगा, नुकताच भरती झालेला. जहाजाचा पत्रा इतका तापला होता की त्यावर पाणी पडलं की वाफ व्हायची. चारच्या जरा आधी होजच्या जोडाजवळ गळती लागली, आणि साहेबानं आजोबांना वायसर आणायला बंबाकडे पिटाळलं. पोराच्या हातात ब्रँच देऊन आजोबा शेडच्या पलीकडे आले, आणि मग आवाज.

"आवाज न्हाई म्हणायचं त्याला," पंपवाले आजोबा म्हणाले, आणि पुढे काय म्हणायचं ते त्यांना सुचेना. त्यांनी पानं वाटली.

म्हणजे आजीच्या मते पाणी, यांच्या मते वायसर. वाचलेला माणूस का वाचला, याला प्रत्येकाला काहीतरी साधंसुधं कारण हवं असतं.

युद्धामुळे सेन्सॉर होता. स्फोटाची बातमी सगळ्यात आधी सायगावच्या जपानी ताब्यातल्या रेडिओनं दिली. इथल्या वार्ताहरांना सविस्तर बातम्या पाठवायची मुभा मेच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली. अख्ख्या शहरानं आवाज ऐकला, धूर पाहिला, शेजारीपाजारी गमावले, आणि महिनाभर त्यावर जाहीर बोलायचं नाही. आजोबांनी सरकारचा हुकूम जरा जास्तच मनावर घेतला. सरकारनं महिना सांगितला होता, त्यांनी चाळीस वर्षं पाळला.

त्या काळात या दुखण्याला नावच नव्हतं असं नाही. पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतलेल्या शिपायांचे हात थरथरत, बोलणं बंद होई, तेव्हा चार्ल्स मायर्स नावाच्या डॉक्टरानं 1915 साली 'लॅन्सेट'मध्ये 'शेल शॉक' हा शब्द छापून आणला. पण तो शब्द शिपायांचा. पाणी मारणाऱ्या माणसाला असं काही होऊ शकतं, हे कुणाच्या मनातही नव्हतं. आघातानंतरच्या तणावविकाराला, ज्याला आज सगळे पीटीएसडी म्हणतात, अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या ग्रंथात जागा मिळाली ती 1980 साली, आजोबा निवृत्त होऊन सात वर्षं झाल्यावर. त्यात जी लक्षणं दिली आहेत ती मी खूप नंतर वाचली. नको त्या वेळी तेच पुन्हा समोर उभं राहणं. त्याची आठवण करून देणारी वस्तू, वास, आवाज टाळत राहणं. झोप उडणं, दचकणं, विनाकारण चिडणं. वासाची वाट मेंदूत भीतीच्या आणि आठवणीच्या केंद्रांच्या अगदी शेजारून जाते, म्हणून वास सगळ्यात चिवट, हेही वाचलं. वाचताना मला गॅलरी झाडणारी आजी दिसत होती. तिनं यातलं काहीही न वाचता घराची मांडणी बदलली होती.

गावच्या लोकांनी मात्र त्यांच्या परीनं इलाज केला होता. हे आजीनंच सांगितलेलं. स्फोट झाला त्याच वर्षी, पावसाच्या आधी, आजोबांना गावी नेलं. रात्री ओरडत उठायचे, दिवसा माडाकडे बघत बसायचे. कुणी म्हणालं लागीर झालं, कुणी म्हणालं नजर. शेवटी ग्रामदेवतेच्या देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरलं. ज्यांनी कोकणातलं गाऱ्हाणं ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: गावचा मानकरी किंवा गुरव देवासमोर उभा राहून त्या माणसाची अडचण मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांगतो, आणि प्रत्येक वाक्यामागे जमलेले सगळे एका सुरात होकार भरतात. ज्याचं दुःख असतं तो नुसता उभा. आजीला ते बरंचसं पाठ होतं. ती पदर खोचून उभी राहायची आणि आवाज चढवायची.

"बा देवा महाराजा, ह्या तुझा लेकरू मुंबयच्या आगीतसून तुझ्या पायाकडे इला हा."

"व्हय महाराजा!" हे आम्ही मुलांनी म्हणायचं.

"तेच्या डोळ्याक नीज नाय, तोंडात शब्द नाय, घास गळ्याखाली उतरणा नाय."

"व्हय महाराजा!"

"तेच्या सोबत्यांका जा काय झाला ता तेच्या डोळ्यांसमोरसून पाठी घाल, आणि तेका सुखाची नीज दी."

"व्हय महाराजा!"

त्या रात्री आजोबा झोपले, असं ती सांगायची. दुसऱ्या रात्रीही. तिसऱ्या रात्री पुन्हा ओरडत उठले. म्हणजे गाऱ्हाण्यानं बरं झालं असं काही मी लिहिणार नाही. कोकणाचं कौतुक करायला मला आवडतं, पण इतकं नाही. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथे त्यांना कुणी 'बोल' म्हटलं नाही. त्यांच्या वतीनं दुसरं कुणी बोललं, आणि अख्ख्या गावानं हो, असंच झालं आहे, म्हणून साक्ष दिली.

हे महत्त्वाचं का वाटतं, त्याला कारण आहे. अमेरिकेत जेफ्री मिचेल नावाच्या गृहस्थांनी, ते स्वतः अग्निशमनात काम केलेले, 1983 साली अशी पद्धत मांडली की मोठी दुर्घटना झाली की दोनचार दिवसांत सगळ्या जवानांना एकत्र बसवायचं आणि काय पाहिलं, काय वाटलं ते बोलतं करायचं. ती जगभर पसरली. पुढे तपासणी झाली तेव्हा दिसलं की असं एकाच बैठकीत सगळं उकरून काढल्यानं पुढचा आजार टळत नाही, काहींना उलट त्रास होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011 च्या मार्गदर्शिकेत सल्ला आहे तो साधा आहे: बघा, ऐका, आणि मदतीशी गाठ घालून द्या. बोलायची सक्ती करू नका. बहुतेक जण काही आठवड्यांत सावरतात. जे सावरत नाहीत त्यांच्यासाठी उपचार आहेत, बोलण्याचेही आणि गोळ्यांचेही, आणि ते लागू पडतात.

हे सगळं मी वाचत बसले ते आजोबांसाठी नव्हे. त्यांना जाऊन तोवर तीसच्या वर वर्षं झाली होती. वाचत बसले ते माझ्या भाच्यासाठी.

तोही फायरमन. कुठल्या दलात ते सांगत नाही. मुंबईत नाही एवढंच. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एक इमारत कोसळली, तिथे तो तीस तास होता. त्यानंतर काही महिन्यांनी आमच्याकडे गणपतीला आला. आरतीनंतर सगळे जेवायला बसले, आणि कुणाचा तरी फोन वाजला. हा ताटावरून उठला, चप्पल घातली आणि निघून गेला. बहीण म्हणाली, "हल्ली असंच करतो. रीतभात म्हणून नाही." माझ्या डोळ्यांसमोर खुंटीवरची टोपी आली. मी त्याच्या मागे गेले. तो कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीशी उभा होता. मी काही विचारलं नाही. दोन कटिंग घेतले, एक त्याच्या हातात दिला. चहा संपल्यावर तोच म्हणाला, "मावशी, ढिगाऱ्याखाली एक फोन वाजत होता. हीच ट्यून. वाजायचा, बंद व्हायचा, परत वाजायचा. आम्ही पोचलो तोवर बॅटरी संपली होती."

त्यानं त्याच्या वरिष्ठांना सांगून पाहिलं होतं, झोप लागत नाही म्हणून. उत्तर मिळालं, "असं असेल तर तुला टेबलावर बसवतो." वरिष्ठ वाईट नसावेत, त्यांना बिचाऱ्यांना दुसरं काही ठाऊकच नसेल. पण टेबल म्हणजे काय हे स्टेशनात सगळ्यांना कळतं. बंबावरून उतरवलेला माणूस. मग कोण कशाला तोंड उघडेल? पुढे त्यांच्याकडे ताणतणावावर एक कार्यशाळाही झाली. पडद्यावर चित्रं, डोळे मिटून दीर्घ श्वास, समोसा, हजेरीपटावर सही. "श्वास आम्ही धुरात धरतो मावशी, तो आम्हाला शिकवायला आले," असं तो म्हणाला आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

त्याला उपयोग झाला तो एका लीडिंग फायरमनचा. निवृत्तीला आलेला माणूस. दोघं होज धूत होते. हा गप्प. तो ब्रश मारता मारता म्हणाला, "मला फिनेलचा वास चालत नाही. सव्वीस जुलैपासून." एवढंच. 2005 च्या त्या पुरानंतर कुठल्या खोलीत, काय, ते त्यानं सांगितलं नाही, यानंही विचारलं नाही. होज धुऊन टांगून झाल्यावर त्यानं खिशातून एका सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाच्या वेळा लिहिलेला कागद काढून दिला. कागद घडीवर झिजला होता. याआधी किती जणांच्या हातून फिरून आला असेल कोण जाणे. भाचा गेला. चारपाच महिने जात राहिला, अजून अधूनमधून जातो. बंबावरच आहे. केंद्र सरकारची टेलिमानस ही चोवीस तासांची सेवा 2022 पासून सुरू आहे, 14416 वर कुणीही फोन करू शकतं, असं मी त्याला सांगितलं, तर म्हणाला, "ठाऊक आहे. स्टेशनात फळ्यावर लिहिलाय. खाली कुणीतरी कंसात लिहिलंय: साहेबांना न विचारता."

9 मे 2015 ला काळबादेवीत एक जुनी इमारत पेटून कोसळली. दोन अधिकारी तिथेच गेले. मुंबईचे तेव्हाचे प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर आणि आणखी एक अधिकारी भाजल्यामुळे पुढे रुग्णालयात गेले. त्यांची नावं लक्षात आहेत, असायलाच हवीत. पण त्या रात्री बाकीचे किती जण होते, जे घरी आले, ज्यांनी चहा घेतला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाळीवर गेले? त्यांची यादी करायची म्हटलं तर ती पाळीच्या हजेरीपटातच सापडेल. 14 एप्रिलच्या मानवंदनेत मला नेहमी ही जागा रिकामी दिसते. गेलेल्यांसाठी बिगूल आहे. परत आलेल्यांसाठी काय आहे?

आता तिसरं तोंड. 1984 चा एप्रिल. आजोबांचा पाय जिन्यावरून घसरून मोडला होता, प्लास्टरमध्ये होता, त्यामुळे त्या वर्षी गाव चुकलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा 14 एप्रिलला ते मुंबईत होते. शनिवार होता. आजी दळण आणायला गेलेली. मी त्यांना पेपर वाचून दाखवत होते. आत कुठेतरी सप्ताहाची बातमी होती, 66 हा आकडा होता. मी तो वाचला आणि चपापून थांबले. ते छताकडे बघत होते.

"सासष्ट," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "मगे वायसर आणूक गेललंय म्हणान सांगल्यान मा तेणां?"

मला कळलं, पंपवाल्या आजोबांबद्दल बोलताहेत. मी मान हलवली.

"चांगलो माणूस. तसाच लिवन घेतल्यान साहेबान." त्यांनी हात घोंगडीवर फिरवला. "वायसर नाय, काय नाय. मी लघवेक गेललंय. शेडीच्या पाठी. झिलाक म्हटलंय, धर जरा, इलंय मी."

मी बावीस वर्षांची होते. अशा वेळी काय बोलावं ते मला येत नव्हतं. 'तुमची काय चूक' वगैरे माझ्या ओठांवर आलं होतं, आणि ते मी गिळलं हे बरंच केलं. ते माझ्याकडे बघतही नव्हते. चाळीस वर्षं त्यांनी कुणापासून काय लपवलं होतं, तर एवढंच. शौर्य नाही, भ्याडपणाही नाही. दुपारभर पाणी मारणाऱ्या माणसाला लागणारी लघवी.

"कोणाक सांगा नको," ते म्हणाले.

मी म्हटलं, "नाही सांगणार."

मग मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी आपली हळूच म्हणाले, "व्हय महाराजा." ते एकदम माझ्याकडे वळले. रागावले असं वाटलं. पण त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं आणि ते हसायला लागले, पोट धरून, प्लास्टरचा पाय हलला तसे कळवळले, आणि परत हसले. आजी पिठाचा डबा घेऊन दारात उभी होती. "काय झाला?" तिनं विचारलं. कुणीच काही बोललं नाही.

आता इतक्या वर्षांनी मी ते लिहून टाकलं आहे. भाच्याला आधी विचारलं. तो म्हणाला, लिही.

आजोबा 1986 च्या ऑगस्टमध्ये गेले, झोपेत. पाऊस धो धो. चाळीतली माणसं जमली. अशा कामात हुशार असे एक गृहस्थ प्रत्येक चाळीत असतात, तसे आमच्याकडेही होते. बांबू, मडकं, सुतळी, सगळं तासाभरात त्यांनी गोळा केलं. अंघोळ घातली, नवं धोतर नेसवलं. मग त्यांनी पिशवीतून निळ्या कागदातलं कापसाचं पुडकं काढलं, नाकाकानात घालायला, आणि बोळे वळायला बसले. आजी तोवर भिंतीशी बसून होती, रडतही नव्हती. ती उठली आणि तिनं त्यांचा हात धरला.

"तेंका कापूस नको."

"आजी, असू दे. करावंच लागतं ते."

"नको म्हटलंय ना."

ती आत गेली. देव्हाऱ्यातली पत्र्याची डबी उघडल्याचा आवाज आला. धोतराच्या सुताच्या चार वाती तिनं मोजून आणल्या आणि त्यांच्या ओल्या तळहातावर ठेवल्या.